गोपनीय अहवाल आमदारांना दाखवले, म्हणजे देखरेख झाली का?

धंतोलीकर

गुप्तचर यंत्रणांनी सरकारला दिलेली माहिती लोकप्रतिनिधींना पाहता यावी का, हा प्रश्न आपल्याकडे एखादी मोठी घटना घडली की निघतो आणि पंधरवड्यात विरून जातो. नागपूरकरांना तो जरा जवळचा वाटायला हवा, कारण त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्याच विधानभवनात घडलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती नेमली होती. मुंबई पोलिसांनी हल्ल्याला कसे तोंड दिले याबरोबरच आधी आलेल्या सूचनांचे पुढे काय झाले, हेही या समितीने पाहिले. समितीचे काम संपल्यावर सभागृहापुढे आधी आला तो केवळ कृती अहवाल, म्हणजे शिफारशींवर सरकार काय करणार याची यादी. मूळ अहवाल गोपनीय म्हणून मागे ठेवला गेला. तो पटलावर आला डिसेंबर २००९ मध्ये, इथल्या हिवाळी अधिवेशनात, आणि तोही त्यातला मजकूर बाहेर फुटून गदारोळ झाल्यानंतर. गृहखात्याच्या मागण्या मंजूर करणाऱ्या सभागृहाने आजार काय हे न पाहता औषधाची यादी तेवढी वाचायची, असा तो प्रकार होता.

हे कुणा एका पक्षाचे पाप नाही. व्यवस्थाच तशी आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठी पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा आहेत. खासदार आणि आमदार मात्र फक्त निष्ठेची शपथ घेतात. त्यामुळे गुपित सांभाळण्याची जबाबदारी ज्याने घेतली तोच ते पाहणार, आणि ज्याच्यापुढे त्याने उत्तर द्यायचे तो बाहेर उभा राहणार, ही रचना पहिल्या दिवसापासून आहे. संसदेच्या समित्यांना कागदपत्रे मागवण्याचा अधिकार आहे खरा, पण लोकसभेच्या नियम २७० मध्येच अशी सोय आहे की राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असे कारण देऊन सरकार एखादा कागद देण्यास नकार देऊ शकते. बाधा येईल की नाही हे ठरवणारेही सरकारच.

त्यातून गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, १८८७ पासून आहे आणि परदेशातील हेरगिरी पाहणारी रॉ १९६८ पासून. परंतु दोघांची स्थापना, कार्यकक्षा आणि उत्तरदायित्व ठरवणारा संसदेचा कायदा आजही नाही. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये त्यासाठी अशासकीय विधेयक मांडले, ते चर्चेविना लयाला गेले. याच मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका २०१६ मध्ये फेटाळली गेली.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो तो बंद दाराआडच्या बैठकीचा. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी आणि ऑपरेशन सिंदूरनंतर ८ मे रोजी केंद्राने सर्वपक्षीय बैठका घेतल्या, आणि त्या घेतल्या हे चांगलेच झाले. पण सर्वपक्षीय बैठक ही सौजन्याची गोष्ट आहे. ती बोलावणे, तीत काय सांगायचे, किती वेळ सांगायचे आणि कोणत्या प्रश्नावर उठायचे, हे सगळे सांगणाऱ्याच्या हाती असते. माझे म्हणणे एवढेच आहे की माहिती ऐकवणे आणि देखरेख करू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना कधीकधी पहिली गोष्ट दुसरीच्या आड येते, कारण ऐकलेल्या माणसाचे तोंड बंद होते. इथे वकील आणि निवृत्त अधिकारी बरेच आहेत. त्यांनी यावर लिहावे अशी विनंती.


निवृत्त कक्ष अधिकारी

धंतोलीकर साहेब, विषय चांगला काढलात, पण सरकारी बाजू इतकी सोपी नाही.

मी अनेक वर्षे अधिवेशनासाठी मंत्रालयातून नागपूरला येणाऱ्या ताफ्यात असे. तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचे उत्तर कसे तयार होते हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. प्रश्न ठरावीक साच्यात येतो: अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, असल्यास निष्कर्ष काय. उत्तरही साच्यातच जाते: "हे अंशतः खरे आहे", "चौकशी सुरू आहे", "प्रश्न उद्भवत नाही". लोक याची थट्टा करतात आणि ती काही प्रमाणात योग्यही आहे. परंतु ज्या टिप्पणीवरून ते उत्तर बेतलेले असते, ती दुहेरी लिफाफ्यातून आलेली असते. आतल्या लिफाफ्यावर "गोपनीय" असा शिक्का आणि मोहोर, बाहेरचा अगदी साधा, म्हणजे टपाल हाताळणाऱ्याला आत काय आहे याचा अंदाज येऊ नये. एवढी काळजी कागदासाठी नसते. कागदामागच्या माणसासाठी असते.

गडचिरोलीचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून तिथे किती आदिवासींचे गळे चिरले गेले, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. एखाद्या अहवालात नाव नसते, पण "अमुक गावातील बैठकीस उपस्थित असलेल्या व्यक्तीकडून" एवढे वाक्य असले तरी, त्या बैठकीला नऊच माणसे होती हे ज्याला माहीत आहे त्याला पुरेसे होते. आमदार प्रामाणिक असतो. त्याचा स्वीय सहायक, त्याचा चालक, त्याच्याकडे बसलेले कार्यकर्ते या सगळ्यांची हमी कोण देणार?

म्हणून माझे मत असे की धोरण, खर्च, भरती, प्रशिक्षण हे सभागृहाने जरूर तपासावे. चालू कारवाई आणि स्रोत यांना हात लावू नये.


टेकडी रोड

खरे सांगायचे तर गोपनीय माहिती आमदारांकडून फुटण्याआधी खात्यातूनच फुटते. २००९ मध्ये प्रधान समितीचा मजकूर फुटला, तेव्हा अहवाल सरकारच्याच ताब्यात होता. तो काही कुठल्या आमदार निवासातून बाहेर पडला नाही.


सिव्हिल लाइन्सची वकील

कक्ष अधिकारी साहेबांचा स्रोतांविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, कारण चालू कारवाई वगळायची म्हटले की नेमकी तीच गोष्ट वगळली जाते, जिच्यात कायदा मोडला जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. इतर देशांनी हा पेच कसा हाताळला आणि त्यात ते कुठे अडकले, हे थोडे विस्ताराने लिहिते. परदेशात सगळे आलबेल आहे असे सांगण्याचा हेतू नाही. उलट त्यांच्या अडचणी आपल्या जास्त उपयोगाच्या आहेत.

अमेरिकेत १९७५ च्या चर्च समितीने गुप्तचर यंत्रणांचे गैरप्रकार उघड केल्यावर सिनेटने १९७६ मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने १९७७ मध्ये कायमस्वरूपी समित्या नेमल्या. यंत्रणांनी या समित्यांना सर्व कारवायांची माहिती देत राहावे, असे कायदा सांगतो. मात्र अत्यंत संवेदनशील गुप्त कारवाई असेल, तर राष्ट्राध्यक्ष ती माहिती केवळ आठ जणांपुरती ठेवू शकतात: दोन्ही सभागृहांतील दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष व ज्येष्ठ विरोधी सदस्य. कागदावर ही उत्तम तडजोड आहे. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. जुलै २००३ मध्ये सिनेट समितीतील ज्येष्ठ डेमोक्रॅट सदस्य जे रॉकफेलर यांना एनएसए या गुप्तचर संस्थेच्या, न्यायालयीन परवानगीविना चालणाऱ्या टेहळणीची माहिती व्हाइट हाउसमध्ये दिली गेली. त्याच दिवशी त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना पत्र लिहिले, आणि तेही स्वतःच्या हाताने, कारण टंकलेखनासाठी सहायकाला सांगणेदेखील त्यांना निषिद्ध होते. आपण तंत्रज्ञ नाही, वकील नाही, कर्मचाऱ्यांचा किंवा कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेण्याची मुभा नाही, त्यामुळे ऐकलेल्या गोष्टीचे मूल्यमापन करणे आपल्याला शक्य नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्याची एक प्रत त्यांनी मोहोरबंद करून ठेवली. जगाला ते पत्र दिसले डिसेंबर २००५ मध्ये, वर्तमानपत्राने ती टेहळणी उघड केल्यावर. अडीच वर्षे सरकारकडे मात्र सांगायला जागा होती की काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कल्पना दिलेली आहे.

धंतोलीकर साहेबांचा मुद्दा मला या पत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. माहिती मिळाली होती, प्रवेश होता, आणि तरीही देखरेख शून्य होती.

ब्रिटनची वाट वेगळी आहे. तिथली गुप्तचर व सुरक्षा समिती १९९४ च्या कायद्याने आली आणि २०१३ च्या कायद्याने संसदेची समिती झाली. नऊ सदस्य, उमेदवारी पंतप्रधान विरोधी पक्षनेत्याशी सल्लामसलत करून देतात, नेमणूक सभागृहे करतात. अहवाल आधी पंतप्रधानांकडे जातो आणि संवेदनशील मजकुराच्या जागी तारांकने छापून मग प्रसिद्ध होतो. मला ही पद्धत आवडते, कारण काहीतरी झाकले आहे आणि कुठे झाकले आहे हे तरी वाचकाला दिसते. पण प्रसिद्धीची वेळ सरकारच्या हाती राहिली की काय होते याचेही उदाहरण तिथेच आहे: रशियाविषयीचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधानांकडे गेला, डिसेंबरमध्ये निवडणूक झाली, आणि अहवाल प्रसिद्ध झाला २१ जुलै २०२० रोजी. त्याआधी २०१८ मध्ये, बंदिवानांच्या छळाच्या चौकशीत, संबंधित अधिकाऱ्यांची साक्ष घेण्यास सरकारने समितीला परवानगी नाकारली, तेव्हा समितीने चौकशी तिथेच थांबवून जेवढे हाती आले तेवढे जाहीर केले आणि का थांबलो हेही लिहिले. नकार छापून येतो, हीसुद्धा एक प्रकारची देखरेख आहे.


धंतोलीकर

ताई, रॉकफेलर यांच्या पत्राचा उल्लेख फार नेमका झाला. त्याला जोडून कॅनडाचा अनुभव सांगतो. तिथे परकीय हस्तक्षेपाविषयीचा गोपनीय अहवाल वाचण्यासाठी पक्षनेत्यांना सुरक्षा परवाना घेण्याचा पर्याय दिला गेला. काहींनी तो घेऊन २०२४ मध्ये अहवाल वाचला. विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह यांनी नकार दिला, आणि कारण असे दिले की एकदा वाचले की त्यावर जाहीर बोलण्याचे स्वातंत्र्य जाते. यात राजकीय हिशेब असेलही, पण अडचण खोटी नाही. न वाचता बोलणारा बेजबाबदार ठरतो आणि वाचलेला मुका होतो.

आपल्याकडे तर वाचू द्या म्हणून खासदाराला न्यायालयात जावे लागले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या संगनमताविषयी तेव्हाचे केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये तयार होता, पण संसदेत आला ऑगस्ट १९९५ मध्ये, आणि तोही मोजक्या पानांचा. ज्या यंत्रणांच्या माहितीवर तो बेतला होता ती माहिती त्यात नव्हती. खासदार दिनेश त्रिवेदी यांनी ती मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पूरक कागद जाहीर करायला नकार दिला, आणि माझ्या मते तो बरोबरच होता, कारण कच्च्या गुप्तवार्तेत नाव आले म्हणजे माणूस दोषी ठरत नाही. मात्र त्याच निकालात न्यायालयाने या प्रकरणांच्या तपासावर देखरेखीसाठी उच्चस्तरीय यंत्रणेची शिफारस केली होती. कागद जाहीर करू नका, पण कुणीतरी स्वतंत्रपणे पाहा, हा तो मधला मार्ग होता, आणि तो आजवर कुणी चोखाळला नाही.


रविनगर वसतिगृह

मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकतो, त्यामुळे सरांना आणि ताईंना एक शंका विचारतो. केंद्राच्या यंत्रणांविषयी विधानसभा काही करू शकत नाही हे समजते. परंतु पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे आणि राज्य गुप्तवार्ता विभाग पोलीस दलाचाच भाग आहे. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार राज्य सुरक्षा आयोग नेमायचा होता आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात तशी दुरुस्तीही केली, ज्यात विधानसभेतील विरोधी पक्षनेता सदस्य आहे. मग देखरेखीसाठी सभागृहाच्या वेगळ्या समितीची गरज काय? हाच आयोग पुरेसा नाही का?


सिव्हिल लाइन्सची वकील

शंका रास्त आहे. दोन कारणांनी पुरेसा नाही. आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्री असतात, म्हणजे ज्याचे काम तपासायचे तोच तपासणीच्या खुर्चीत बसतो. दुसरे कारण आपण सध्या डोळ्यांनी पाहतो आहोत. २०२४ च्या निवडणुकीनंतर कोणत्याही विरोधी पक्षाकडे एक दशांश जागा नाहीत या वादात विधानसभेचे विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले. लोकसभेतही २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे ते रिकामे होते. देखरेखीची सगळी मदार एका पदावर ठेवली आणि ते पदच भरले नाही, तर त्या बैठकीत विरोधी आवाज उरत नाही. म्हणून पदाला नव्हे, तर सभागृहातील संख्याबळाच्या प्रमाणात पक्षांना प्रतिनिधित्व हवे.


निवृत्त कक्ष अधिकारी

ताई, समिती केली तरी ती बसेल याची खात्री काय? २८ जुलै २०२१ रोजी पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांप्रकरणी संसदेच्या माहिती तंत्रज्ञान समितीची बैठक होती. सत्ताधारी सदस्य आले, पण हजेरीपुस्तकावर सह्या केल्या नाहीत, म्हणून गणसंख्या झाली नाही. बोलावलेले अधिकारीही फिरकले नाहीत. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही केंद्राने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितले. मी सरकारी माणूस आहे, तरी हे बरे दिसले नाही असेच म्हणेन. नियम कितीही चांगला लिहा, हजेरीपुस्तकावर सही न करण्याचा मार्ग राहतोच.


धंतोलीकर

साहेब, तुमचा मुद्दा मान्य करूनच पुढे जातो. तुम्ही आधी जी सीमारेषा सांगितलीत, म्हणजे स्रोत आणि चालू कारवाईला हात लावायचा नाही, तिच्या आत राहूनही बरेच काही मागता येते, आणि त्याला समिती स्थापन होण्याची वाट पाहावी लागत नाही.

फोन टॅपिंगचेच घ्या. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर नियम झाले की राज्यात सर्वसाधारणपणे गृहसचिवाच्या आदेशाशिवाय टॅपिंग होऊ नये, एक आदेश ६० दिवसांपलीकडे चालू नये, मुदतवाढ धरूनही १८० दिवसांची कमाल मर्यादा असावी, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीने दोन महिन्यांतून एकदा तरी बसून हे आदेश तपासावेत. डिसेंबर २०२४ च्या नव्या दूरसंचार नियमांनीही हीच चौकट कायम ठेवली. या आढावा समितीत सगळे सचिवच आहेत. सचिवाने काढलेला आदेश सचिवांनीच तपासायचा. ही समिती ठरलेल्या वेळी बसते का, किती आदेश तिच्यापुढे आले आणि त्यातला एखादा तरी तिने कधी रद्द केला का, हे विधानसभेला कळण्यात कोणत्या खबऱ्याचा जीव धोक्यात येतो?


निवृत्त कक्ष अधिकारी

कुणाचाच नाही. आकडा देण्यास माझीही हरकत नाही. पण प्रश्न नीट लिहिला पाहिजे, नाहीतर तो स्वीकृतीच्या टप्प्यावरच गळेल. "कोणाचे फोन" असे एक अक्षरही नको, जिल्हानिहाय तपशील नको, आणि "सत्ताधाऱ्यांनी विरोधकांवर पाळत ठेवली हे खरे आहे काय" अशी सुरुवात तर मुळीच नको. त्याला "हे खरे नाही" असे तीन शब्दांचे उत्तर येईल आणि पुढच्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". माझा जन्म त्यातच गेला आहे.


टेकडी रोड

साहेब, मग तुम्हीच मसुदा द्या की! उत्तरे लिहिणाऱ्याइतका चांगला प्रश्न दुसरे कोण लिहिणार?


निवृत्त कक्ष अधिकारी

देतो. "(१) मागील तीन आर्थिक वर्षांत आढावा समितीच्या किती बैठका झाल्या, (२) सदर बैठकांत एकूण किती आदेशांचा आढावा घेण्यात आला, त्यांपैकी किती आदेश नियमांशी सुसंगत नसल्याचे आढळले, (३) अशा आदेशांन्वये मिळालेला मजकूर नष्ट करण्यात आला आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय?" यात नाव नाही, गाव नाही, कारवाई नाही. तरीही खात्याने सुरक्षिततेचे कारण पुढे केले, तर सदस्याने अध्यक्षांच्या दालनात जाऊन विचारावे की बैठकांची संख्या गोपनीय कशी. उत्तरात आश्वासन आले, तर ते विधिमंडळाच्या 'आश्वासन समिती'कडे जाते, आणि ती समिती मागे लागली की फाइल बाहेर काढावीच लागते, हे मी अनुभवाने सांगतो.


सिव्हिल लाइन्सची वकील

दुसऱ्या भागात एक दुरुस्ती सुचवते. "नियमांशी सुसंगत नसल्याचे आढळले" यापुढे "व त्यापैकी किती रद्द करण्यात आले" असे जोडा, नाहीतर त्रुटी आढळल्या एवढेच सांगून सुटका होईल. मसुदा आमच्या भागातील दोन्ही बाजूंच्या आमदारांकडे मी स्वतः पोहोचवते. एकाच बाजूकडे गेला, तर त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल.